भिंत एक, फायली चार

मामा, तुम्ही सही केलेलं पत्र गेल्या आठवड्यात पुन्हा माझ्यासमोर आलं. साताऱ्यात, चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर. कागद पिवळा पडलाय, पण सही तशीच ठसठशीत आहे, खाली एक रेघ ओढलेली. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुमच्यासाठी एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलेय ती काही तुमची आठवण आली म्हणून नव्हे. माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे आणि ती सांगायला दुसरं माणूस नाही. नवऱ्याला अर्धी सांगितली, तर तो म्हणाला, "झालं ते झालं, आता कशाला उकरतेस?" आईला सांगावी तर ती आधी स्वतःची रक्तदाबाची गोळी शोधेल.

मी नगरपालिकेत अभियंता म्हणून लागले तेव्हा उद्यानांचं काम माझ्या गळ्यात मारलं गेलं, कारण ते कुणालाच नको होतं. रस्त्यांच्या कामाला मान, पाण्याच्या कामाला दरारा, आणि बागेच्या कामाला फक्त तक्रारी. तुम्ही तिथले मुकादम, सगळ्या ऑफिसचे मामा. फौजेतून सुटून आलेले, हाताखाली माळी आणि मजूर मिळून दहा-अकरा माणसं. पहिल्याच दिवशी मी नवे सँडल घालून जागेवर आले आणि ओल्या मातीत एक सँडल रुतून बसला. तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "म्याडम, जाग्यावर येताना पायात काय हाय ते आधी बघत जावा. नकाशा मागनं बघू." माझा असा संताप झाला की घरी जाऊन मी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी कॅनव्हासचे बूट घालून आले. तुम्ही बुटांकडे एकदा पाहिलंत आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलंत. पाणी कुठं साचणार ते उन्हाळ्यात कसं ओळखायचं, कंत्राटदार सिमेंटमध्ये हात कुठं आखडतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत, तेही शिकवतोय असं न दाखवता.

आणि तुमची ती कागद वाचायची पद्धत. मजुरांचा हजेरीपट असो नाहीतर खताच्या पोत्यांची पावती, चष्मा लावायचा, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायची, मगच सही. कारकून खाली पाय आपटत उभा असायचा. "कागूद वाचल्याबिगर सही न्हाई, मग आणणारा कुनी का आसंना," तुम्ही म्हणायचात. ऑफिसात त्यावरून तुमची टिंगल चालायची. टिंगल करणाऱ्यांत मीही असायचे.

हायवेच्या बाजूच्या वसाहतीतली ती खुली जागा आठवते ना? मुलांच्या बागेसाठी राखून ठेवलेली. आधी तिथं दोन ट्रक उभे राहायला लागले. मग ट्रकांना सावली हवी म्हणून पत्रे आले. मग पत्र्याखाली टपरी. तुम्ही रोज सकाळी येऊन नवी बातमी द्यायचात आणि तुमचा आवाज रोज थोडा चढायचा. "म्याडम, आज खांब पुरल्यात. उद्या मीटर घेतील. एकदा लाइट आली की काय सुटत न्हाई बगा ती जागा." जागेला चारी बाजूंनी भिंत घालायची होती. पैसे आले होते, पण मार्चअखेर खर्च झाले नाहीत तर परत जाणार होते, आणि हातात पाच आठवडे होते. तेव्हा तीन लाखांच्या वरचं काम ई-निविदा काढल्याशिवाय देता येत नसे. निविदा म्हणजे जाहिरात, मुदत, छाननी, आणि कुणी फिरकलंच नाही तर पुन्हा पहिल्यापासून जाहिरात. तीन लाखांच्या आतलं काम मात्र तीन दरपत्रकं मागवून देता यायचं. माझा भिंतीचा अंदाज मर्यादेच्या कितीतरी वर गेला होता. वरिष्ठांना विचारायला गेले, तर ते चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "भिंतीला बाजू किती? चार ना? मग अडलंय कुठं?"

मी त्या दुपारी बसून चार अंदाजपत्रकं केली. पूर्व बाजू, पश्चिम बाजू, उत्तर, दक्षिण. हे बेकायदा आहे हे मला माहीत होतं, कारण एक काम तोडून मर्यादेखाली आणायचं नाही, हे नियमात पांढऱ्यावर काळं आहे. तरी मला त्या दिवशी स्वतःच्या हुशारीचा अभिमान वाटला होता. पूर्वेची बाजू काही केल्या तीन लाखांत बसेना, तेव्हा मी कोपऱ्यांचे खांब धरायचेच सोडून दिले. एका फायलीतून काढले म्हणून मग चारही फायलींतून काढले. वरिष्ठ म्हणाले, "जागेवरच्या माणसाचं एक पत्र लावा, म्हणजे आपल्या अंगावर येत नाही." तेही मीच टाइप केलं. अतिक्रमणाचा धोका असल्याने चारही बाजूंची कामे स्वतंत्रपणे व तातडीने हाती घ्यावीत ही विनंती. खाली तुमचं नाव, उद्यान मुकादम.

मी ते घेऊन रोपवाटिकेत आले. तुम्ही पिशव्यांत माती भरत होता. हात धोतराला पुसलेत, कागद घेतलात, चष्म्यासाठी खिशाकडे हात नेलात आणि मधेच थांबलात. "तुमीच लिवलंय न्हवं?" मी म्हटलं, हो. "मग वाचायचं काय त्यात?" पालथं घमेलं मांडीवर घेऊन त्यावर तुम्ही सही केलीत. मामा, तुम्ही न वाचता केलेली मी पाहिलेली ती एकमेव सही. तेव्हा मला तुम्हाला थांबवता आलं असतं. मी कागद फुंकून वाळवला आणि निघाले.

काम सुरू झाल्यावर तुम्ही मला जागेवर बोलावून घेतलंत. भिंती उभ्या राहत होत्या आणि चारही कोपऱ्यांत माणूस आडवा जाईल एवढ्या फटी होत्या. "म्याडम, बाजू झाल्या. कोपरं कुनाच्या फायलीत हायती?" मी इकडंतिकडं पाहिलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "आमी पलटणीत एक खंदक चौगांनी खणला तरी एकच खंदक म्हनायचो. ही एक भित चार कशी झाली?" मी चिडले. सापडलेला माणूस चिडतो तशी चिडले. "मामा, तुम्हाला नियमातलं कळत नाही, तुम्ही झाडं बघा." मजूर ऐकत होते. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि टेप गुंडाळायला लागलात. नंतरच्या चार दिवसांत तुम्ही आणि तुमच्या माणसांनी उरलेल्या विटांतून ते चारही कोपरे बांधून काढले. त्याची नोंद कुठल्याच मोजमाप पुस्तकात नाही. पत्रे हलले, ट्रक गेले. बाग झाली आणि ती आजही आहे. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

लेखापरीक्षणात ती प्रकरणं पहिल्याच वर्षी सापडली होती. एकाच तारखेची चार अंदाजपत्रकं, एकच भिंत. पण तो आक्षेप या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, माझी बदली सांगलीकडे इस्लामपूरला झाली, आणि मी समजत होते की बुडालं ते. या वर्षी नोटीस आली. त्या वरिष्ठांना फोन केला. ते निवृत्त होऊन निवांत आहेत. म्हणाले, "पत्र आहे की फायलीत. मागणी मुकादमाची, तुम्ही फक्त पुढं पाठवलीत. गेलेल्या माणसावर कारवाई होत नसते. आणि तुमचं प्रमोशन तोंडावर आलंय ना? मग?" त्यांचं ते 'मग' मला ओळखीचं होतं.

साताऱ्यातली ती चौकशीची खोली लहान आहे. पंखा फिरतोय, कोपऱ्यात एक लिपिक टाइप करतोय. अधिकारी माझ्यापेक्षा लहान, बोलायला नम्र. ते म्हणतात, आजच्या वाढलेल्या मर्यादेत हे काम कदाचित बसलंही असतं, पण नियम त्या दिवशीचा बघायचा असतो. मग तुमचं पत्र पुढं सरकवतात. "कामं वेगवेगळी करण्याची मागणी मुकादमांची होती?" मी विचारते, पाणी मिळेल का? पाणी येतं. "हे मुकादम सध्या कुठं असतात? त्यांचा जबाब घ्यावा लागेल." मी सांगते, वारले. ते हातातला पेन खाली ठेवतात. "अच्छा. मग तो प्रश्नच नाही. तर मागणी त्यांचीच होती?" मी म्हणते, "हो." लिपिक टाइप करतो. मी सही करते. सगळं मिळून दहा मिनिटंही झाली नसतील.

परतीच्या एसटीत बसले, तिकीट इस्लामपूरचं काढलं, आणि वाटेत तुमचं उंब्रज आल्यावर उतरले. का उतरले, मला सांगता येणार नाही. मामींनी मला लगेच ओळखलं नाही, ओळखल्यावर मात्र हात सोडेनात. अंगणातच बसलो. "साताऱ्याला कशापायी गेल्तासा?" म्हटलं, जुन्या कामाचं होतं काहीतरी. "ह्येंच्या वेळचं?" हो म्हटलं. मग त्या सांगायला लागल्या, "आवं, त्येंनी उभ्या नोकरीत मला एकच काम दाखवाय नेलं हुतं. ती बागंची भित. म्हनले, ह्यातली कोपरं सरकारी न्हाईत, ही आमची हायती. लय हसले हुते त्या दिशी." मग त्यांनी विचारलं, "मग सायबाम्होरं त्येंचं नाव निगालं का न्हाई?" मी म्हटलं, "निघालं." मामींचा चेहरा असा उजळला की मला तिथं बसवेना. चहा अर्धा टाकून उठले.

सोमवारी रजा टाकून पुन्हा साताऱ्याला गेले. नवा जबाब लिहून नेला होता. पत्राचा मजकूर माझा आहे, मुकादमांनी माझ्यावर विश्वास ठेवून तो न वाचता त्यावर सही केली, कामाचे चार भाग मी पाडले, कोपरे मी वगळले, आणि त्यांनी त्याच वेळी जागेवर हरकत घेतली होती. अधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं. "प्रमोशन थांबेल. वेतनवाढही जाऊ शकते. कल्पना आहे ना?" आहे म्हटलं. "मग त्या दिवशी हो का म्हणालात?" मी म्हटलं, "गोंधळले होते." त्यांनी तेवढंच लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं.

उंब्रजला टाकायचं म्हणून पाकीट आणलं होतं. पण मामींना हे कुणीतरी वाचून दाखवेल आणि परवाचं ते 'निघालं' त्यांच्याकडून परत घ्यावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही. तेव्हा हे पत्र माझ्याजवळच राहील. जबाबात लिहिलेलं बाकी सगळं खरं आहे, मामा. एकच शब्द खोटा आहे, गोंधळले होते हा. मी मुळीच गोंधळले नव्हते. तुम्ही वारलात म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला ना, त्या क्षणी तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं होतं.