तळहात पाण्यात

इंदूर, २३ मे १९५३

प्रिय शारदा,

सासूचं अक्षर बघून दचकू नकोस. ह्यांची तबीयत आता ठीक आहे. दमले आहे ती मीच. चार दिवस धड पाठ टेकलेली नाही.

मंगळवारी ह्यांच्या पलटणीतले मालोजीराव गेले. होळकरांची फौज जाऊन मध्यभारत झालं, तरी हे पलटणीतला जुना लोकरी कोट गळ्यापर्यंत बटणं लावून, भर दुपारी, कृष्णपुऱ्याच्या नदीपर्यंत अंत्ययात्रेबरोबर चालत गेले. परत आले ते दारातच बसले. चेहरा लालबुंद, बोलणं अडखळत होतं. शेजारचे अच्युतराव डॉक्टरांना आणायला गेले. मी कोट काढला, ह्यांना सावलीत निजवलं, अंगावर पाणी शिंपडलं. बर्फाचा खडा ह्यांच्या मुठीत देणार, तोच तू आठवलीस.

तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला चुलीपुढे भोवळ आली होती. तू माझे हात तगारीत, माठाच्या पाण्यात धरून म्हणाली होतीस, "आई, बर्फ नको. त्यानं तळहाताच्या शिरा आकसतात, मग आतली गर्मी निघणार कुठून?" मी हात हिसकावून घेतले. इस्पितळात कोणाकोणाला शिवलेले हिचे हात, असं शेजारणींसमोर बोलले. तू तगारी उचलून नेलीस. महिन्याभरात तू आणि शरदनं राऊला वेगळं बिऱ्हाड केलंत.

मंगळवारी मी तेच केलं. तगारीत माठाचं पाणी, त्यात ह्यांचे दोन्ही तळहात. कोमट झालं की बदलायचं. किती वेळा बदललं, कुणास ठाऊक. डॉक्टर येईपर्यंत ह्यांचं बोलणं ताळ्यावर आलं होतं. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सुनेनं. नर्स आहे ती." 'आहे' म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली.

काल शरदचं पत्र आलं. इस्पितळानं तुला परत बोलावलंय आणि तू नकार लिहून ठेवला आहेस, असं त्यानं कळवलंय. लग्नाआधी मला दिलेल्या, नर्सचं काम सोडण्याच्या शब्दासाठी. तो शब्द मीच मागितला होता, तुझ्या वडिलांसमोर. तुला नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. आता मी तुला त्यातून मोकळं करते. ह्यांना प्रवास झेपला की आम्ही दोघं राऊला येतो, तुमच्या बेबीला आम्ही सांभाळू. नकाराचं पत्र टाकलं नसशील तर फाड. टाकलं असशील तर आजच दुसरं लिही.

तुझीच,
द्वारका