हातात धरता न येणारं काम

११ नोव्हेंबर
अपात्र! चटई विणणारा पात्र, चटईवर मोर उमटवायचा की वेल हे ठरवणारी अपात्र. अमेरिकेने कर वाढवला, ऑर्डरी थांबल्या, कारखाना बंद. मागावर चटया विणणारे मागवाले आणि मी एकाच दिवशी घरी बसलो. पण सहा महिन्यांची सरकारी मदत फक्त 'माल बनवणाऱ्यांना'. डिझाइन, बिलिंग, ऑर्डरी – आम्ही सगळे म्हणे 'सेवा'.
मदतीच्या कचेरीतले साहेब फोनवर म्हणाले, "बाई, डिझाइन हातात धरता येतं का?" तोंडात काहीतरी चघळत होते.
आई परवा गेली हे सांगितलं नाही. असल्या माणसाला काय सांगायचं!

१२ नोव्हेंबर
भूपेंद्र आणि कोकिळा धुळ्याहून आलेत. भाऊ-भावजय. कोकिळा रडली, डोळे पुसले आणि लगेच – "अक्का, देवपूरला आमच्या घरी जिन्याखालची खोली झाडून ठेवलीय. मुलांचं तुम्ही बघा, मग मला क्लास दोन्ही वेळ घेता येतील."
आईची राख अजून निवायची आहे. हिला बिनपगारी बाई मिळाली.
मदत मिळाली तर मी जळगाव सोडत नाही. सहा महिन्यांत दुसरं काम शोधेन. नाही मिळाली तर आहेच जिना.

१४ नोव्हेंबर
मागवाले दुखवट्याला दारावर आले होते. उखर्डूभाऊ पुढे, मागे सात-आठ जण. ओट्यावर माना खाली घालून बसले. दुखवट्याच्या घरात कामाधंद्याचं काढायचं नसतं, मान्य. पण इतकं? उखर्डूभाऊंनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग सगळे उठले, 'येतो'ही न म्हणता गेले. तशीच रीत आहे.
रीत फार सोयीची! मदतीच्या यादीत यांची नावं लागलीत. माझ्या नावाचं कशाला विचारतील?

१७ नोव्हेंबर
अपील केलं. सुनावणी २० तारखेला. आईची गंधमुक्तीही, म्हणजे दुखवट्याचा शेवटचा विधी, २० लाच.

१८ नोव्हेंबर
साहेबांना फोन केला. तारीख बदलून मागितली. आईचं सांगावंच लागलं.
"अरेरे. पण बाई, सुनावणी काय रोज येते का?"
आई रोज मरते की काय! – हे मनात. तोंडाने 'बरं' म्हटलं. मी नेहमी 'बरं'च म्हणते.
मग बिलिंगच्या प्रमिलाबाईंना विचारलं, तुम्ही जाल का. "अगं मोहिनी, आमच्या ह्यांना नाही आवडत असलं." बाकीच्यांना तर तेवढंही कारण सापडलं नाही. शिकलेली माणसं!

२० नोव्हेंबर
गंधमुक्ती झाली. भूपेंद्रने सगळं केलं, निम्मा वेळ मोबाइल कानाला लावून. लोक जेवले. वांग्याच्या भाजीत मीठ कमी म्हणाले.
मागवाल्यांपैकी एकही फिरकला नाही. आईने त्यांच्यातल्या कितीजणांना पहाटपाळीला चहा पाजला असेल. आज मदतीचे कागद हातात पडायचे होते ना – मग आई कोण आणि मी कोण. पत्रावळी उरल्या.
कोकिळेने माझी बॅग भरायला घेतली. मी अडवलं नाही. सुनावणीला कुणीच गेलं नाही, म्हणजे संपलंच.

२१ नोव्हेंबर
सकाळी प्रमिलाबाईंचा फोन. आवाज चोरटा.
काल मागवाले सगळे सुनावणीला गेले होते. मदतीचे कागद साहेबांच्या टेबलावर तयार. उखर्डूभाऊ म्हणाले, "ताईनं नाव नही तं आमनं बी नको." एकानेही सही केली नाही. साहेब चिडले, सगळ्यांचीच मदत अडकवून ठेवली. आता सोमवारी पुन्हा बोलावलंय. ऑफिसवाल्यांच्या बाजूने कोण बोलणार असं विचारलं, तर भाऊंनी माझं नाव सांगून टाकलं. "त्या दिवशी घरी नावाचं विचारायलाच आलो होतो," म्हणाले, "पण तिथे कसं काढणार?"
बॅग रिकामी केली. कोकिळेने कारण विचारलं. मला सांगता आलं नाही.
सोमवारी सांगता आलं पाहिजे.