टाळ्या मिळालेलं वाक्य

मेडशी, १२ ऑगस्ट, संध्याकाळ

आज शाळेतल्या सभेत मी गरजलो, "जो काही घडवत नाही, त्याला जिवाणूच्या पेशीतसुद्धा जागा नाही!" टाळ्या कडाडल्या. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी माझी पुतणी सुजाता तेवढी हात बांधून बसली होती.

घरी येताच म्हणाली, "काका, खोटं बोलून राह्यले तुमी. जिवाणूत बारका आरएनए असते. तो सोता प्रथिन घडवत नाही. पण लोह कमी पडलं का लोह खाणारी प्रथिनं बनवायचे निरोप अडवते. म्हणून उरलेलं लोह जीव वाचवाले पुरते."

"मंग सभेतच काहून नाही बोलली?"

"तुमच्या सभेत दुसऱ्या कोणाले बोलू देता तुमी?"

मी हसलो. पण ते बांधलेले हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत. इतकं वाचतो, मग हे न तपासता का बोललो? टाळ्यांसाठीच ना? नुसतं अडवूनही कुणी जीव तगवतो, आणि मला अडवणाऱ्यांचा आयुष्यभर राग.

उद्या शिरपूरला हेच भाषण. वाक्य गाळलं तर कुणाला कळणारही नाही. नाही, गुपचूप गाळायचं नाही. आधी चूक सांगायची, मग माइक सुजाताला द्यायचा. आणि ती बोलत असताना मी हात बांधून गप्प बसायचं.

जमेल मला?