सोबतीपायी

पप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरातले अवघड प्रश्न अजून तुमच्याच दारात येतात. तुमचा नातू नाताळाला पुण्याहून लातूरला आला आणि त्यानं मला असंच एक विचारलं.

चाकूरला तुम्ही पाळक होतात तेव्हाचं आपलं स्वयंपाकघर आठवतं? लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारायची, कुणाची हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगायचं, ही रीत. पण खऱ्या हरकती आपल्या चुलीपाशीच निघायच्या. आई भाकरी थापते आहे, मी पीठ मळते आहे, आणि पाटावर बसलेली एक म्हातारी तुमच्या मागे लागली आहे, माझ्या पोराच्या दुसऱ्या लग्नाची पुकार करा म्हणून. पहिल्या बायकोला मूल नाही. ती पहिली बाहेर ओट्यावर मान खाली घालून बसली आहे.

"पाळकसाहेब, लेकरूच न्हाई तर लगीन कशापायी?"

"सोबतीपायी," तुम्ही म्हणालात. "एदेन बागेत लेकरू होतं का, मावशी? माणूस एकला बरा न्हाई, हे देवाला दिसलं. जोडी आधी दिली, लेकरं मागून आली. सुनेला आत बोलवा, भाकर खाऊ द्या तिला."

बायबलच्या पहिल्याच अध्यायात वंश वाढवायची आज्ञा आहे, ती तुम्हाला तोंडपाठ होती. तरी तुम्ही जोडीचा दुसरा अध्याय धरलात. मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

आणि तुम्हीच चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या आपल्या मास्तरांना घालवलंत. ते लग्न करत नव्हते, औशाच्या एका शिंप्यासोबत एका खोलीत राहत होते, कुणीतरी तुमचे कान भरले. तुम्ही बायबलातलं पौलाचं पत्र उघडलंत, पुरुषानं पुरुषाशी संग करण्याला पाप म्हणणारी ओळ वाचलीत आणि नाव न घेता तासभर बोललात. सगळं चर्च वळून मास्तरांकडे पाहत होतं. त्यांनी पेटीचा भाता लावला आणि निघून गेले. घरी मी रडायला लागले तर माझ्यावरच खेकसलात, "लिवलंय ते वाचलं म्या. माझ्या पदरचं काय बी न्हाई त्यात." तेव्हा राग आला होता, अजून येतो. म्हातारीसाठी तुम्ही पानं उलटून पाहिलीत, मास्तरांसाठी एका ओळीवर थांबलात.

नातवाचं सांगायचं राहिलंच. मी करंज्या तळत होते. तो म्हणाला, पुण्यात मी ज्याच्यासोबत राहतो तो नुसता मित्र नाही, आम्ही जन्माचं ठरवलं आहे. माझा घाणा करपला. मग त्यानं विचारलं, "मम्मी, आजोबांनी आशीर्वाद दिला असता का? नसता दिला तर तसं सांग. त्यांच्या चर्चमध्ये मी उगाच पाय ठेवत नाही."

मी त्याला म्हातारीची गोष्ट सांगितली. मास्तरांची नाही सांगितली. "दिला असता," म्हणाले. नाताळाच्या भक्तीला तो चाकूरला तुमच्या चर्चमध्ये माझ्या शेजारी उभा राहिला आणि सगळी गाणी मोठ्यानं गायला.

हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवून यायचा विचार होता, पण नाही ठेवत. कारण पप्पा, तुम्ही खरंच काय म्हणाला असतात ते मला माहीत नाही. आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तरी मी त्याला हेच सांगितलं असतं.