तिसरी जबानी

भैंसा, ६ जानेवारी १९९७
आले एकदाची! हातात बदलीचा हुकूम, डोक्यावर ट्रंक, आणि मोटारस्टँडपासून ठाण्यापर्यंतचा रस्ता कापसाच्या गाड्यांनी अडलेला. ठाण्यात बाई शिपाई मी एकटीच. खोली मिळाली ती जिनिंगच्या मागे. दिवसभर यंत्राची घरघर आणि उशीवर कापसाचे तंतू, तरी मला आवडली. शाळेतली मैत्रीण चंद्रभागा इथेच तहसिलीत कारकून आहे, आणि माय राहते ते आमचं गाव बासरकडे, जेमतेम दीड तासावर.
मोठी बातमी वेगळीच. जिल्ह्याच्या गुन्हे शोधणाऱ्या शाखेत जागा निघाली आहे. साध्या कपड्यांतलं काम, डोक्याचं काम. वर्दी अंगावर चढली त्याच दिवशी मी हे ठरवलं होतं.

९ जानेवारी
अर्ज भरला. पाच पानं, सगळी तेलुगूत. शेवटी एक रकाना: तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या तीन जणांची नावं. जमादार हणमंतराव, म्हणजे आमचे हेड कॉन्स्टेबल, मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, तिथं मोठ्या लोकाईची नावं लिव. पाटील, सरपंच, एखादा डाक्टर. आपल्या माणसाईची नको लिवू.
माझं डोकंच फिरलं. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसांच्या शब्दाला वजन नाही, असंच ना? मी म्हटलं, पाटलाला तर माझं नावसुद्धा ठाऊक नाही. म्हणूनच सांगून राह्यलो, असं काहीतरी ते पुटपुटले. त्यांच्या नाकावर टिच्चून मी तीन नावं लिहिली. चंद्रभागा. मला तेलुगू शिकवणारे नागनाथ गुरुजी. आणि माझी माय द्वारकाबाई, जिनं लोकांच्या रानात निंदण करून मला शिकवलं. घ्या म्हणावं चौकशी.

१७ जानेवारी
आदिलाबादला परीक्षा झाली. आधी पळणं, मग लेखी. मग एका ताटात बावीस वस्तू मिनिटभर दाखवून झाकल्या आणि आठवून लिहायला लावल्या. माझ्या एकवीस बरोबर आल्या. अडकित्ता तेवढा राहिला, त्याची हळहळ अजून आहे. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, बाईमाणूस पाळत कशी ठेवणार? मी म्हटलं, भाजीची पाटी घेऊन बसले तर तुमच्यातलं कोण माझ्याकडे दुसऱ्यांदा बघेल? सगळे हसले. निवड झाल्यात जमा आहे. आता फक्त चालचलणुकीची चौकशी उरली. एक माणूस त्या तिघांकडे जाऊन जबान्या लिहून घेईल.

२२ जानेवारी
पेढे घेऊन तहसिलीत गेले. चंद्रभागेनं मान वर करून विचारलं, काय काम आहे बाई, कोन पायजे? मला वाटलं थट्टा करते आहे. मी पेढा तिच्या तोंडाशी नेला तर ती खुर्चीसकट मागे सरकली. दहा वर्षं एका बाकावर बसलो आम्ही! शेजारचा शिपाई म्हणाला, काल बाईंकडे एकजण चौकशीला आला होता. तासभर बोलत होत्या, हसत होत्या, त्यानं सगळं लिहून नेलं. कशाबद्दल, ते मात्र चंद्रभागेला सांगता येईना.
मी पेढे तिच्या टेबलावर ठेवून आले. रागानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

२४ जानेवारी
गुरुजी पेन्शनच्या कामासाठी भैंशात आले होते. मी जयभीम केला. त्यांनीही केला, परक्याला करतात तसा. म्हणाले, कोनाची तू, बेटा? मी माझं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं: पंचफुला, दौलतची. ते ओशाळून हसले. काल त्यांच्याकडेही तो येऊन गेला होता. पाणी प्याला, म्हणाले, फार शांत माणूस. चेहरा आठवत नाही.
मला भीती वाटते आहे. लिहून टाकते, म्हणजे झालं.

२५ जानेवारी
हणमंतरावांना गाठलं आणि खडसावून विचारलं. ते आधी रडले. वीस वर्षांपूर्वी त्यांनीही हाच अर्ज केला होता आणि बायकोचं नाव लिहिलं होतं. कुमुदिनीबाई. ठाण्यामागच्या दुसऱ्या गल्लीत राहतात. हे रोज तिथून जातात, त्या डोक्यावर पदर घेऊन बाजूला होतात. तो जे लिहून घेतो ते सांगणाऱ्याजवळ उरत नाही. शाखेला अशीच माणसं लागतात, म्हणाले, ज्याईले कोनीच वळखत नाई.
अर्ज परत घेता येत नाही. तीन जबान्या पुऱ्या झाल्याशिवाय तो थांबत नाही.
मी त्यांना विनाकारण बोलले होते. माफी मागितली.
उरली माय. तिला हात लावून दाखवावा त्यानं.

२६ जानेवारी, गावी
परेड बुडवून पहिली गाडी पकडली. मायनं दारातूनच हाक मारली — फुले, इतकी काऊन वाळली व?
ओळखलं तिनं. ओळखलं!
सगळं सांगितलं. कुणाशी बोलू नको म्हटलं. ती हसली. म्हणे पोटची पोर इसरते का कोनी.

दुपार
आला. समोरच्या लिंबाखाली बसला आहे. पांढरा सदरा, मांडीवर फाईल. त्यानं पाणी मागितलं आणि माय तांब्या घेऊन निघालीच होती — दंडाला धरून घरात ढकललं, बाहेरून कडी घातली. आतून शिव्या देते आहे. देऊ दे.
फाईल पाहिली मी. चंद्रभागेचं पान — आमची भांडणं, चोरून खाल्लेल्या चिंचा, सगळं तिच्याच शब्दांत. ओढून फाडायला गेले. फाटत नाही.
तो म्हणतो, तिसरी जबानी बाकी आहे.
मी म्हटलं, माझी घ्या. मला माझ्याइतकं कोण ओळखतं?
त्यानं पेनाचं टोपण काढलं.
मायची नाही मिळणार तुला. माझी ने. जा —

तारीख
तारीख काय आहे? या वहीत कुणाचं तरी छान अक्षर आहे. पुढचं पान कोरं होतं.
एका घरात बसले आहे. लिंबाखाली कुणी नाही. कुणीतरी कडी काढली — मीच असेन. एक म्हातारी बाहेर आली आणि मला घट्ट धरून बसली. मी म्हटलं, बाई, तुम्ही कोण —
ती रडली नाही. माझ्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला. म्हणते, तू इसरली तं इसरली, मी हाव ना.
हातात पेन दिलं. तिला वाचता येत नाही. म्हणते, मी सांगून राह्यली, तू लिव. हजार खेप लिव.
बाहेर कुणीतरी पाणी मागतं आहे, म्हणतं आहे, तिसरी जबानी अजून बाकी आहे. ती उठत नाही. मोठ्यानं सांगते, त्याला ऐकू जाईल असं —
लिव. दौलतची पोर. लिव.
पंचफु