सातशे ग्रॅम

६ फेब्रुवारी, मंगळवार

आली एकदाची! वजनकाट्याला टांगायची नवी खुर्ची. सहा पत्रं पाठवली तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली. जुनी कापडी झोळी पार विरली होती, मागच्या महिन्यात एका बाळाचा पाय तिच्यातून आरपार गेला. ही प्लास्टिकची, जाडजूड, पाठीला हत्तीचं चित्र. मोठ्या बाई स्वतः घेऊन आल्या — फोटोसाठी! आमच्या अंगणवाडी केंद्रावर देखरेख त्यांची. म्हणजे महिन्यातून एकदा गाडीतून उतरायचं, नाकाला रुमाल लावायचा आणि उंटावरून शेळ्या हाकून परत जायचं.

अडतीस मुलांची वजनं केली. जवळजवळ सगळ्यांची वाढली! कार्डावरच्या पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यातली अकरा मुलं एका दिवसात हिरव्यात. मुलांना चढवून-उतरवून मदतनीस मावशींची कंबर धरली. शिंपिणीची सहा महिन्यांची मुलगी, एवढीशी म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो, गेल्या वेळी पाच किलो आठशे होती, आज साडेसहा. वीस वर्षं घसा कोरडा केला त्याचं हे फळ, दुसरं काय!

८ फेब्रुवारी, गुरुवार

पालकसभा. एका आजोबांची तक्रार — "नातू अडीच वर्षांचा झाला, शंभरपर्यंत आकडे येत नाहीत. तुम्ही नुसतं खेळवता!" म्हटलं, "आजोबा, त्याला अजून शी लागली ते वेळेवर सांगता येत नाही. आधी तेवढं होऊ द्या." सगळे हसले, आजोबा सोडून.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आज प्रशिक्षण. विषय — 'खेळातून शिक्षण'. सहा तास हलू न देता बसवून ठेवलं आम्हाला. शिकवणारा पोरगा पंचविशीचा, मूल कधी कडेवर घेतलं असेल तर शपथ. म्हणे, मुलाच्या डोळ्यांत बघून बोला. स्वतः पूर्ण वेळ भिंतीशी बोलत होता.

५ मार्च, मंगळवार

वजनं झाली. मुंगी सहा सहाशे. हिरवीच.

शिंपीण घुटमळत राहिली. "ताई, हिला कडेवर घेतलं ना, की हलकी वाटते." म्हटलं, "तुझ्या कमरेत काटा बसवलाय का ग?" ओशाळली. पहिलटकरणींचं हे नेहमीचं! मूल रडलं तरी काळजी, झोपलं तरी काळजी. मोबाइलवर काहीबाही बघतात आणि आम्हाला शिकवायला येतात.

१९ मार्च, मंगळवार

'उत्तम केंद्र'! ढाल मिळाली. मोठ्या बाईंनी भाषण केलं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली' पाच वेळा म्हणाल्या. मी मोजत होते. मला हार, मावशींना काहीच नाही. परतताना मीच त्यांना हार दिला तर म्हणतात, "मला नको ताई, ढालीला घाला." बाई कमी बोलते, पण बोलली की टोचतं.

९ एप्रिल, मंगळवार

मुंगी सहा सहाशे. जागची हलली नाही.

शिंपीण आज हटूनच बसली. मुंगी अजून बसत नाही म्हणे. शेजारचं तिच्याच वयाचं बाळ ताटल्या आपटतं, ही हातात चमचा दिला तरी सोडून देते. सारखे जुलाब होतात. पूरक आहाराची पाकिटं आणि डॉक्टरांसाठी चिठ्ठी द्या म्हणाली. आता पाकीट आणि चिठ्ठी पिवळ्यांना आणि लालना. हिरव्यांना नाही, नियम आहे. मी कार्ड तिच्या नाकासमोर धरलं — "हे बघ, कुठे आहे ठिपका? हिरव्यात ना? मग!"

"ठिपका हिरव्यात आहे ताई. मुलगी नाही."

जीभ बघा केवढी! मावशी खेळणी पुसत होत्या, त्यांचा हात थांबला. मी दुर्लक्ष केलं.

७ मे, मंगळवार

परत सहा सहाशे. दात येत असतील. शिंपीण आज कार्ड घेऊन सरळ निघून गेली.

९ मे, गुरुवार

शिंपीण एक दिवसाचं काम बुडवून मुंगीला परस्पर सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या काट्यावर पाच किलो नऊशे! तिथेच ठेवून घेतलंय. तिचा नवरा डॉक्टरांचा कागद माझ्या टेबलावर ठेवून गेला.

दोन दिवसांत सातशे ग्रॅम कुठे जातील? दवाखान्याचा काटा बिघडला असणार. त्यांचं काय धड असतं!

१० मे, शुक्रवार

मुलं गेल्यावर दार लावून घेतलं. साखरेची एक किलोची बंद पिशवी त्या हत्तीच्या खुर्चीत ठेवली.

एक किलो सातशे.

पिशवी काढली. रिकामी खुर्ची लटकतेय आणि सुई सातशेवर. खुर्चीचं स्वतःचं वजन! झोळी हलकी होती, तिच्या मानाने सुई शून्यावर लावलेली. नवी खुर्ची अडकवल्यावर वरची कळ फिरवून सुई पुन्हा शून्यावर आणायची असते. ती आणलीच नाही. चार वेळा प्रत्येक मुलाच्या वजनात आम्ही खुर्ची मोजली. वाढली होती ती खुर्ची. मुलं नाही.

सातशे वजा करून सगळी कार्डं पुन्हा भरली. तेरा मुलं पिवळ्यात, दोन लालमध्ये. मुंगी त्या दोघांत नाही, ती पिवळ्यात, लालच्या काठावर आहे. दोन मुलं आणखी वाईट आहेत आणि त्यांच्या आयांना कळलेलंही नाही. संध्याकाळी मुंगी सोडून बाकी चौदा घरी जाऊन चिठ्ठ्या देऊन आले. 'यंत्रात दोष होता' म्हणाले. एका बाईने माझ्यासाठी चहा ठेवला. पिववेना.

१३ मे, सोमवार

मोठ्या बाईंना सांगितलं. आधी पांढऱ्या पडल्या, मग लगेच सावरल्या. या जातीला सावरायचं प्रशिक्षण वेगळं देत असावेत! फोटोत खुर्चीवर हात कोणाचा आहे, तेही बहुतेक आठवलं असणार.

म्हणतात, "खुर्ची तुमच्या मदतनीसने लावली ना? अहवालात तसं लिहा. अडाणी बाई, तिला कळलं नाही. मानधनावर आहे, दुसरी बघू." अहवाल टाइप करूनच दिला. मावशींचं नाव दोनदा, माझं एकदा — सहीच्या जागी. चोर सोडून संन्याशाला फाशी! तोंडावर काही बोलले नाही, कागद पर्समध्ये घातला. एवढी मी शूर!

१४ मे, मंगळवार

दवाखान्यात गेले होते. मुंगीच्या नाकात नळी. दर दोन तासांनी दूध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन भरून येईल. पण वाढीच्या वयातले तीन महिने गेले. बसणं, बोलणं, समज, सगळ्यावर वर्षभर लक्ष ठेवावं लागेल. काय भरून येईल आणि काय नाही, आज नाही सांगता येत." मग मला विचारलं, "फेब्रुवारीत आणलं असतं तर आठ दिवसांत घरी गेली असती. कोणी पाठवलं नाही का?"

शिंपीण शेजारीच बसून होती. तिने सांगितलं नाही की ती चिठ्ठी मागत होती आणि मी हसत होते. मी तरी कुठे सांगितलं!

केंद्रावर आले तर मावशी सतरंज्या घडी करत होत्या. त्यांना कुठून तरी कळलंय. विचारलं, "ताई, उद्या कामाला येऊ ना?" म्हटलं, या. त्या पुन्हा सतरंज्यांकडे वळल्या.

१५ मे, बुधवार

सुई मी पाहिली होती.

पहिल्याच दिवशी. मावशी म्हणाल्या, "ताई, खुर्ची रिकामी आहे आणि सुई पुढे दिसते." मी पाहिलं. कळलं. बाहेर गाडी थांबलेली, मोठ्या बाई फोटोला उभ्या. म्हटलं, नंतर बघू. नंतर अकरा मुलं हिरव्यात गेली आणि मी काही बघितलं नाही. या पानालाही सांगितलं नव्हतं. मावशींनी आजवर कोणाला सांगितलं नाही.

मोठ्या बाईंनी टाइप करून दिलेला अहवाल फाडला. नवा माझ्या हाताने लिहिला, मावशी काय म्हणाल्या त्यासकट. आता निघते. आधी दवाखान्यात जाऊन शिंपिणीला वाचून दाखवणार, मग कचेरीत.