तुमच्या पेपरातले बरे झालेले

सर, तुमचा तो पेपर लोक अजून वापरतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठे ना कुठे कुणीतरी त्याचा संदर्भ देतं आणि तुमच्या नावापुढचा सायटेशन्सचा आकडा वाढतो. सांगलीच्या कॉलेजात आता तुमचा फोटो लावलाय, आणि फोटोखाली जन्ममृत्यूच्या तारखांआधी तो आकडा. मागे तुमच्या नावाचं व्याख्यान झालं, मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी गेले नाही. त्या दिवशी मी साताऱ्यात माझ्या ओपीडीत होते आणि समोर एक बाई होती, जिला उभं राहता येत नव्हतं.

दहिवडीच्या पुढच्या एका वाडीतली, मेंढ्या राखणारी. दिरानं पाठीवर घेऊन आणलं होतं. तिला आधी ब्रुसेलाचा ताप येऊन गेला होता. शेळ्यामेंढ्यांकडून माणसाला होणारा, बरा झाला असं वाटावं आणि अंगात दडून बसावा असा. तिथल्या तरुण डॉक्टरनं निदान अचूक केलं होतं, पण औषधं निम्म्यावर थांबवली होती. आता आजार मणक्यात उतरला होता. मी त्याला फोन केला. "मॅडम, कमी दिवसांचा कोर्स पुरतो ना? पेपर आहे तसा. सायटेशन्स बघा त्याचे." कुणाचा पेपर, हे माहीत असूनही मी विचारलं. त्यानं तुमचं नाव इतक्या आदरानं घेतलं, की मला त्याच्यावर चिडताही येईना. चिडायचं ते तुमच्यावर, आणि तुम्ही फोटोत.

आठवतंय तुम्हाला? तो अभ्यास करायला माण तालुक्यात मी हिंडत होते. वाडीवस्तीवर जाऊन रक्त घ्यायचं, औषधं द्यायची, पुन्हा जाऊन माणूस कसा आहे ते बघायचं. तुम्ही गाडीतून एकदा आलात, फोटो काढून गेलात. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तुमचा अभिमानच होता. माझा पहिला छोटा लेख छापून आला तेव्हा महाबळेश्वरहून येताना तुम्ही माझ्यासाठी स्ट्रॉबेरीची पेटी आणली होती आणि टेबलावर ठेवून निघून गेला होतात. आष्ट्याला घरी नेली तर अब्बांनी ती साऱ्या मोहल्ल्यात वाटली. पोरीच्या सरांनी दिलीय, म्हणून.

आणि मग तो दिवस. मी तुमच्या केबिनमध्ये उभी आहे, दार उघडं आहे, बाहेर सगळे ज्युनिअर ऐकताहेत. मी म्हणते, "सर, यातले बरेच जण मुंबईला कामाला गेलेत. त्यांना आपण पुन्हा बघितलेलंच नाही. त्यांना बरे कसं लिहायचं?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "आजारी असते तर आले असते." मी पुन्हा म्हणते, बघितलेलं नाही एवढंच लिहू या. तेव्हा तुम्ही चष्मा काढता. "अशानं पेपर कुठेच छापून येत नाही. तुला नाव नको असेल तर काढून टाकतो." मी म्हणाले, काढा. तुम्ही काढलंत. माझ्या सगळ्या फिरतीच्या जागी शेवटी आभाराची एक ओळसुद्धा उरली नाही.

ती बाई येऊन गेल्यावर मी तुमचा पेपर छापणाऱ्या जर्नलला हे लिहिलं. संपादकांनी सभ्यपणे विचारलं, या अभ्यासाशी आपला संबंध काय? पेपरावर आपलं नाव दिसत नाही. संताप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, सर. खरं बोलले म्हणून नाव गेलं, आणि नाव नाही म्हणून खरं बोलायचा हक्क गेला.

मग सुट्ट्या टाकून मी त्या वाड्या पुन्हा पालथ्या घातल्या. काही जण खरंच ठणठणीत होते. तेही मी लिहून घेतलं. पण एक जण अंगणात बाजेवर बसलेला सापडला. मुंबईत माथाडी होता. ताप परत आला, पाठ गेली, कामही गेलं. मी म्हटलं, "तुम्ही बरे झालात असं आमच्याकडे लिहिलंय." तो हसला. "कुनी लिवलं? आवं डॉक्टरीणबाई, बरा आसतो तर गावाकडं कशाला आलो आसतो?" आत चहा ठेवत त्याची बायको म्हणाली, "तवा तुमच्या सायबांनी फोटू काढला व्हता यांचा. लय हौसेनं बसलं व्हतं." मी वही काढून त्याचंही लिहून घेतलं.

हे सगळं मी छापायला दिलंय हे कळल्यावर तुमच्या घरून काकूंचा फोन आला. जुन्या रुग्णांची तुमच्या सहीची यादी मी कॉलेजातून मागवली होती, त्या कॉलेजवाल्यांनीच त्यांना सांगितलं असणार. "अगं, ते आता उत्तर द्यायला आहेत का?" मी म्हटलं, "काकू, होते तेव्हाही दिलं नाही." त्या रडल्या. त्यांच्या घरी मी कितीदा जेवले आहे. त्याचाही हिशेब मी तुमच्याच नावावर टाकते. माझ्या तोंडून त्यांना रडवलंत.

माझं टिपण शेवटी छापून आलं, आतल्या पानावर, लहानसं. त्या तरुण डॉक्टरनं वाचलं. आता तो औषधं पूर्ण देतो आणि कामाला बाहेरगावी गेलेल्या माणसांना फोन करतो. ती बाई काठी धरून उठते. बाकी कुणी फारसं वाचलं नाही. तुमचा पेपर आहे तिथे आहे. तो चुकीचा आहे हे सांगायलासुद्धा मला त्याचा संदर्भ द्यावा लागला, आणि सायटेशन्स मोजणाऱ्या यंत्राला शिव्या आणि स्तुती यातला फरक कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून सांगते. टिपण छापून आल्यावर मी इंटरनेटवरचं तुमचं सायटेशन्सचं पान उघडून बघितलं. आकडा एकानं वाढला होता, माझ्यामुळे. आणि पूर्वी तुमच्या हाताखाली असताना वाटायचं, तसं क्षणभर मला बरं वाटलं.